न मोजलेला पेढा

विजू, भेटायला येणारा प्रत्येक जण तू किती शांत होतीस ते मला सांगून जातो. मी मान डोलावतो. हॉस्पिटलातल्या तुझ्या जुन्या मैत्रिणी आल्या, नाशिकरोडच्या कॉलनीतली मंडळी आली, सगळ्यांचं एकच, ‘ताईंचा आवाज कधी चढलेला ऐकला नाही.’ मला हसू येतं, पण सुतकातल्या नवऱ्यानं हसलेलं बरं दिसत नाही. त्यांना काय माहीत, तुझा सगळा चढा आवाज तू घरासाठी राखून ठेवला होतास. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात जन्मभर मीटर आणि गेज तपासली, बॉयलरच्या आवाजात नोकरी काढली, तरी माझे कान जे काय गेले ते घरीच गेले असं मी म्हणायचो. त्यावर तू काय म्हणायचीस ते इथं लिहीत नाही, लोक वाचतील.

तुझ्याविषयी चांगलं लिहायला इतर पुष्कळ जण आहेत. मला एवढंच सांगायचंय की आपला एक वाद अर्धा राहिलाय आणि तो पुढे न्यायला तू नाहीस. तू उत्तर देणार नाहीस हा खरं तर माझ्या बाजूनं मोठाच फायदा. तरीही हा वाद मी जिंकेन असं मला वाटत नाही, आणि त्याचा रागही येतो.

तू निवृत्त झालीस तेव्हा मला वाटलं होतं, चला, आता जरा हिंडू-फिरू. तू मात्र हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ म्हणून ज्या मुलांना पाहायचीस, त्यांतली सगळ्यांत अवघड मुलं घेऊन घरी आलीस. म्हणजे त्यांचे कागद घेऊन आलीस, पण घरात वावर त्या मुलांचाच असायचा. पीकेयू नावाचा जन्मजात आजार. मला तू तो भाजी निवडता निवडता समजावला होतास. प्रथिनांतला एक घटक या मुलांच्या शरीराला पचवून टाकता येत नाही, तो रक्तात साचत जातो आणि मेंदूला इजा करतो. औषधाची गोळी घेतली आणि संपलं, असं बहुतेकांच्या नशिबी नाही. म्हणून दूध नाही, डाळ नाही, अंडं नाही, शेंगदाणा नाही, पोळी आणि भातसुद्धा काट्यावर वजन करून. पोट भरायला फळं, भाज्या, साबुदाणा, आणि वाढीसाठी एक खास पावडर पाण्यात कालवून प्यायची, जिच्या वासानं मोठा माणूस पळून जाईल. आणि हे सगळं जन्मभर. ‘म्हणजे जन्मभर उपास,’ मी म्हणालो, तर तू गवारीची शेंग माझ्याकडे फेकलीस. ‘उपास माणूस आपल्या मर्जीनं करतो. यांना कुणी विचारलंय?’

या मुलांच्या खाण्याच्या सवयी मोजायच्या हे तू ठरवलंस. किती ग्रॅम खाल्लं ते सगळेच मोजतात, तुला ते नको होतं. मूल जेवायला बसतं कसं, बसतं तरी का, नवीन पदार्थ पाहून मागे सरकतं का, चोरून खातं का, एकटं खातं का, हे तुला हवं होतं. बाहेरच्या देशातली एक प्रश्नावली कुणीतरी तुला पाठवली होती. तिचं मराठी करायला बसलीस. ‘रेस्टॉरंटमध्ये गेल्यावर तुमचं मूल अस्वस्थ होतं का?’ या प्रश्नापाशी थांबलीस आणि चष्मा काढून म्हणालीस, ‘सिन्नरच्या शेतात राहणाऱ्या बाईला मी हे विचारू? ती म्हणेल, मॅडम, तुम्ही घेऊन चला, मग सांगते.’ मग तू आपली नवीनच प्रश्नावली करायला घेतलीस.

ती आधी माझ्यावर तपासून पाहिलीस, आठवतं? कुठल्याही मापाची आधी खात्री करून घ्यावी लागते, हे मीच तुला शिकवलं होतं, त्याचं हे फळ. ‘नवीन पदार्थ ताटात दिसला की मूल काय करतं?’ मला न विचारताच तू ‘ताट सरकवतं’वर खूण केलीस. ‘जेवताना लक्ष दुसरीकडे असतं का?’ मी वर्तमानपत्र खाली ठेवेपर्यंत तीही खूण झाली होती. शेवटी बेरीज करून माझ्यापुढे कागद धरलास. त्या हिशेबानं मी नाशिक जिल्ह्यातलं सगळ्यांत हट्टी मूल ठरलो होतो. दोन दिवस तू प्रत्येक फोनवर हे सांगून हसत होतीस.

पण आपलं खरं भांडण ‘कधीकधी’वरून व्हायचं. भरून आलेल्या कागदांवर आयांनी जिथं तिथं ‘कधीकधी’वर खूण केलेली असायची. मी म्हणायचो, हे काही माप नाही. काटा जर सगळं वजन ‘कधीकधी’ दाखवायला लागला तर मी तो भंगारात घालीन. तू म्हणायचीस, ‘नेहमी लिहायची तिला लाज वाटते आणि कधीच नाही लिहायची भीती वाटते. मला नुसती खूण नाही, ती करताना तिचा हात कुठं थांबला ते पाहायचंय.’ आणि खरंच तू कागद पोस्टानं पाठवायचं सोडून दिलंस. आपण जाऊ लागलो. माझी जुनी गाडी, मी चालवणार, तू शेजारी बसून रस्ता चुकवणार. ज्या हिंडण्या-फिरण्याची मी वाट पाहत होतो ते असं सुरू झालं.

सिन्नरजवळच्या वस्तीवरचा तो मुलगा मला अजून दिसतो. त्याच्या आईनं त्याच्यासमोर काकडीच्या चकत्या ठेवल्या होत्या. तो एकेक चकती उचलायचा आणि तिच्याकडे बघून विचारायचा, ‘चालंल?’ ती मान हलवायची, मग तो खायचा. पुढची उचलायचा, ‘चालंल?’ शेवटी पाण्याचा तांब्या उचलला तेव्हाही त्यानं विचारलं. परत येताना तू म्हणालीस, ‘याचं रक्त एकदम छान आहे. सगळे रिपोर्ट उत्तम. आणि पोरगं पाणी प्यायला घाबरतंय. हे कुठं मोजायचं मी?’ एवढ्या नोकरीत मला असं माप कधी लागलं नव्हतं.

मग ईश्वरी आली. त्र्यंबकेश्वरला देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत ज्यांचं पेढ्याचं दुकान आहे, त्या केदूनानांची नात. ज्या घराच्या भिंतींनासुद्धा खव्याचा वास, त्या घरात दुधाचा थेंब न चालणारी मुलगी जन्माला यावी! आजार कळायला उशीर झाला होता, ती बोलायलाही उशिराच लागली. शाळेत घातली तेव्हा जेमतेम इतर मुलांच्या बरोबरीला येत होती. आणि नेमकं तेव्हाच तिचं रक्त बिघडायला लागलं. कागदावर टिपलेले रक्ताचे थेंब तपासायला जायचे आणि प्रत्येक वेळी आकडा आधीपेक्षा वर. शाळेतून निरोप आला की मुलगी वर्गात हरवल्यासारखी बसते, विचारलेलं दोनदा सांगावं लागतं. तू म्हणालीस, ‘हे असंच चालू राहिलं तर जे जाईल ते परत नाही मिळवता येणार.’ एवढं बोलून तू रिपोर्ट उलटा ठेवलास.

तिची आई रोहिणी आपल्या घरी आली होती ती दुपार. सोफ्यावर बसेना, खाली सतरंजीवरच बसली. ‘मॅडम, समदे म्हणत्यात मीच चोरून देते. हे म्हणत्यात. मामंजी बी म्हणले, आईची माया हे, दुसरं काय. मी देवाशप्पथ सांगते, दुधाचा थेंब नाय दिला मी पोरीला. दुकानात पाऊल टाकू देत नाय. माझ्या बोटाला खवा लागला असंल म्हणून हात धुवून मग जवळ घेते तिला.’ तिनं आपले हात पुढे केले. धुवून धुवून सालटी निघाली होती. तुझ्या प्रश्नावलीत मिठाई, दूध, दुधाचे पदार्थ यांच्यापुढं तिनं ‘कधीच नाही’वर ठसठशीत खूण केली होती. त्या सगळ्या कागदांत ‘कधीकधी’ न लिहिणारी ती एकटी.

ती गेल्यावर तू म्हणालीस, ‘ती खोटं बोलत नाही.’

‘मग रक्त खोटं बोलतंय का?’

‘दोघंही खरं सांगताहेत. मला विचारायलाच येत नाहीये.’

दुसऱ्या आठवड्यात आपण सकाळी लवकर त्र्यंबकला निघालो. या वेळी तू एकही कागद बरोबर घेतला नाहीस. दुकानाच्या मागेच त्यांचं घर. पायरीवर ईश्वरीशेजारी तू बसलीस, मी आत खुर्चीवर. तिनं नाक दाबून पावडरीचा पेला संपवला आणि तुला रिकामा पेला दाखवला. रोहिणीनं काट्यावर भात तोलला, दोन शितं परत काढली, दुधीची भाजी वाढली. सगळं तुझ्या सांगण्याबरहुकूम. तेवढ्यात नाना आंघोळ करून, गंध लावून दुकानात आले. फळीवर देवाचा फोटो, त्यापुढं त्यांनी दिवा लावला, सकाळच्या ताज्या परातीतला वरचा पेढा छोट्या वाटीत देवापुढं ठेवला, घंटा वाजवली. सगळे आपापल्या जागी उभे राहिले. मग नानांनी वाटीतल्या पेढ्याबरोबर परातीतले आणखी घेतले आणि एकेकाच्या हातावर ठेवत गेले. ईश्वरीनं दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. पेढा तोंडात टाकला, हात केसांना पुसला आणि पुन्हा पायरीवर बसली. रोहिणी तिथंच होती. दोन शितं काढणारी रोहिणी. तिनं आपला पेढा घेतला आणि भांडी आवरायला वळली. मीही घेतला, खाल्ला. तूही खाल्लास.

आणि अर्धा पेढा तोंडात असताना तू थांबलीस. माझ्याकडे पाहिलंस. तुझा तो चेहरा मी विसरणार नाही, विजू. गाल फुगलेला आणि डोळे विस्फारलेले. दुसरी कुठली वेळ असती तर मी जन्मभर तुला चिडवलं असतं.

कुणी लपवलं नव्हतं, कुणी खोटं बोललं नव्हतं. देवाचा प्रसाद कुणी खाण्यात धरतच नाही. तो रोजचा असतो, हातावर येतो, त्याला नाही म्हणायचं नसतं. शाळेसाठी लवकर उठायला लागल्यापासून ईश्वरीच्याही हातावर तो रोज येत होता. ज्या बाईनं भाताचं शीत मोजलं, तिच्याही डोळ्यांसमोरून तो रोज गेला आणि दिसला नाही. आपण इतके शहाणे, मुद्दाम बघायला म्हणून गेलेलो, आपल्यालाही तो तोंडात विरघळेपर्यंत कळला नाही.

मी बोलायला तोंड उघडलं तर तू पायावर पाय दिलास. मग नानांजवळ जाऊन बसलीस. देव कुठला, दुकान कुणी काढलं, असं काहीबाही विचारलंस. आणि मग एकदम म्हणालीस, ‘नाना, उद्यापासून देवाला खडीसाखर ठेवाल का? आणि तीच द्याल सगळ्यांना?’

नाना हसले. ‘पेढ्याच्या दुकानात खडीसाखर? देव म्हणंल, केदू कंजूष झाला.’

‘देवाला मी सांगते. माझा नवस आहे.’

‘कशाचा वो बाई?’

‘ईश्वरीच्या रक्तातला आकडा उतरावा म्हणून.’

नाना गंभीर झाले. ‘मंग ठिवतो. तुमी म्हणाल तवर ठिवतो.’

आयुष्यात तू एकही नवस केला नव्हतास, केलास तो दुसऱ्याच्या देवाला. परतताना अंजनेरीपर्यंत आपण भांडलो. तिथं मी गाडी बाजूला घेतली, कारण तू इतक्या मोठ्यानं बोलत होतीस की मला हॉर्न ऐकू येईना. माझं म्हणणं साधं होतं. नाना मोठा माणूस आहे, त्याला सरळ सांग, बाबा रे, तुझ्या पेढ्यानं हे होतंय. खरं आहे ते आहे. तू म्हणालीस, ‘आणि मग? त्या घरात प्रत्येक जण त्या पोरीला नको म्हणतो. हात लावू नको, खाऊ नको, दुकानात येऊ नको. एक माणूस आहे जो रोज सकाळी तिच्या हातावर काहीतरी ठेवतो. मी सांगितलं की त्याचा हात आखडेल. तो परत तिला काही देणार नाही. हे मी काढून घेऊ तिच्याकडून?’

‘आणि रोहिणीचं काय?’ मी विचारलं. ‘चोरटी ठरली ती घरात. तिचं नाव कोण साफ करणार?’

तेव्हा तू काच खाली केलीस आणि ‘गाडी काढा’ म्हणालीस. दुसऱ्या दिवशी तू रोहिणीला फोन करून सगळं सांगितलंस, आणि ती म्हणाली, ‘नानास्नी नका सांगू मॅडम, लय जीव हे त्यांचा तिच्यावर. खाऊन टाकतील सोताला. मला काय, मी घेते ऐकून.’ तुला वाटलं प्रश्न मिटला. मला वाटलं, सून आहे, तिला दुसरं काय म्हणता येणार होतं? स्वतःसाठी काही नको म्हणायलाच शिकवलंय तिला सगळ्यांनी, त्यात आता तूही.

रक्तातला आकडा उतरला. आधी जरासा, मग चांगलाच. ईश्वरी वर्गात हात वर करायला लागली असं बाईंनी सांगितलं तेव्हा तू रिपोर्ट घेऊन घरभर फिरलीस. पण त्या घरात काय म्हणत होते ते माहीत होतं तुला. ‘रोहिणीनं मन घट्ट केलं, म्हणून सुधरली पोर.’ तिचा नवरा हे कौतुकानं सांगायचा, आणि प्रत्येक कौतुकात तिची चोरी पक्की होत जायची. प्रत्येक चांगल्या रिपोर्टाबरोबर आपला वाद पुन्हा निघायचा. तू म्हणायचीस, सांगेन, पोर जरा मोठी होऊ दे. मी म्हणायचो, पोर मोठी होईल तोवर तिची आई म्हातारी होईल.

तुझ्या प्रश्नावलीत मात्र त्यानंतर एक नवीन प्रश्न आला. ‘ज्याला आपण खाणं म्हणत नाही, असं काय काय मुलाच्या तोंडात जातं?’ मी म्हटलं, हा काय प्रश्न झाला, याला कोण उत्तर देईल? सगळ्यांनी दिलं. कुणी लिहिलं, मीठ बघायला हातावर दिलेली आमटी. कुणी लिहिलं, पूजेचं पंचामृत. एका आजीनं लिहून घेतलं, दृष्ट काढल्यावर तोंड गोड करायला देते ते. एकीनं लिहिलं, त्याचा धाकटा भाऊ भरवतो, मी नाही म्हणत नाही. ते वाचून तू डोळे पुसलेस. मी तेव्हा म्हणालो नाही, आता म्हणतो. फार चांगला प्रश्न होता तो. मला सुचला असता तर मी कॉलनीभर सांगत फिरलो असतो.

मग तुझं दुखणं निघालं आणि बाकी सगळं मागे पडलं. शेवटच्या दिवसांत मीच तुझं खाणं मोजत होतो. पेजेचे चमचे, मोसंबीचा रस. डॉक्टरांना सांगायला म्हणून विचारायचो, ‘आज नीट खाल्लंस का?’ तू डोळे मिटूनच म्हणायचीस, ‘कधीकधी.’ आणि हसायचीस. मला त्या शब्दाचा इतका राग होता, विजू, आणि आता तो कुणी उच्चारला तर मला उठून आत जावं लागतं.

एका दुपारी तू आपणहून म्हणालीस, ‘नानांना मी सांगेन हो. तुमचंही खरं आहे. जरा बसता आलं की जाऊ.’ मी म्हटलं, जाऊ. गाडीत हवा भरून आणतो म्हटलं. आणलीही होती.

शेजारचे रोज डबा देतात. काल तोंडल्याची भाजी होती, जी पाहून मी तुझ्यापुढं जन्मभर ताट सरकवलं. मी सगळी खाल्ली. तुला सांगायला हवं होतं, तू विश्वास ठेवला नसतास. भाजीवरून तुझं ते रागावणं आता कुठं मिळणार? भाजी संपवून बसलो आणि ताटावरच रडलो. शेजारची सुनबाई म्हणाली, ‘काका, तिखट झाली का?’ मी हो म्हणालो.

आणि काल संध्याकाळी केदूनाना आले. एकटेच, एसटीनं. तू गेल्याचं रोहिणीनं त्यांना उशिरा सांगितलं होतं. सतरंजीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग ते म्हणाले, ‘पोरीला सांगितलं बाई गेल्या म्हणून. तर ती म्हणती कशी, आज्या, आता त्या आजी नायत, मंग परत पेढा देशील का देवाचा? साहेब, मी तसाच बसलो. तवापासनं घास उतरंना. ती खडीसाखर नवसाची नव्हती ना? माझा पेढाच होता ना तो?’

इतकी वर्षं मी हे वाक्य तयार ठेवलं होतं. तुझ्याशी भांडताना कितीदा तरी म्हणून पाहिलं होतं. ‘हो नाना,’ मी म्हणालो. ‘पेढाच होता. रोहिणीनं कधीच काही दिलं नव्हतं.’

‘तिला म्हाईत हे?’

‘पहिल्यापासून.’

नानांनी टोपी उचलली, परत मांडीवर ठेवली. ‘आन ती रोज माझ्या हातनं खडीसाखर घेत व्हती. मी तिला काय काय बोललो, आन ती हात पुढं करत व्हती.’ मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत म्हणाले, ‘आता हा हात पोरीपुढं जायचा नाय, साहेब.’

तू अंजनेरीला जे म्हणाली होतीस तेच. जवळजवळ त्याच शब्दांत. आणि मी सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

जन्मभर हेच चालत आलं ना आपलं? मी खरं काय ते बोलून टाकायचो आणि तू पदराला हात पुसत बाहेर यायचीस, समोरच्याजवळ बसायचीस, आणि माझ्या खऱ्याचं काहीतरी सोसण्यासारखं करून द्यायचीस. मला वाटायचं खरं बोलायला हिंमत लागते आणि ती माझ्यात आहे. ती हिंमत तू आत होतीस म्हणून होती, हे मला काल त्या रिकाम्या दाराकडे पाहताना समजलं. कुणी बाहेर आलं नाही.

मग मीच खुर्चीवरून उठलो. गुडघे कुरकुरले, पण खाली सतरंजीवर नानांच्या शेजारी बसलो. त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला हे येत नाही, तुला माहीत आहे. म्हणालो, ‘नाना, ती उद्या सकाळी ओंजळ करून उभी राहील. तिच्या हातावर तुम्ही काही ठेवलं नाही तर कोण ठेवणार? विजूनं तेवढ्यासाठीच तुम्हाला सांगितलं नव्हतं.’ मी चहा केला, साखर जास्त पडली, त्यांनी तो पूर्ण प्यायला. शेवटच्या गाडीची वेळ झाली तशी त्यांना स्टँडवर सोडून आलो.

वाद कुणी जिंकला ते मला सांगता यायचं नाही. तुझी भीती खरी होती. माझं म्हणणंही खोटं नव्हतं. मला वाटतं ते दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी जमायला हवं होतं, आणि आपण ते दोघांत वाटून घेतलं होतं.

आज सकाळी रोहिणीचा फोन आला. नानांनी नेहमीसारखी पूजा केली, वाटी उचलली, आणि ईश्वरी ओंजळ करून उभी असताना तिला ओलांडून आधी रोहिणीपुढं आले. खडीसाखर तिच्या हातावर ठेवली आणि तिचा हात मिटेपर्यंत आपल्या दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मग पोरीला दिली. ‘सगळ्यांसमोर, साहेब,’ रोहिणी म्हणाली. पुढं ती रडत होती की हसत होती ते फोनवर कळेना. ठेवता ठेवता सवयीनं बोलून गेली, ‘मॅडमना सांगा.’

म्हणून सांगतोय.